विलासिनीचे अनपेक्षित प्रेम : ‘राधिकासांत्वनम्’ आणि ‘एमा’

१

प्रणयाचे सारे डावपेच जाणणारी, दुसऱ्यांच्या जोड्या जुळवून देण्यात रमणारी, आणि स्वतः मात्र या खेळाच्या बाहेर आहोत अशी खात्री बाळगणारी नायिका अखेर त्याच खेळात सापडते, हे कथासूत्र इंग्रजीतील ‘रीजन्सी’ प्रणयकथेच्या वाचकांना चांगले परिचयाचे आहे. राजा तिसरा जॉर्ज मनोविकाराने अक्षम झाल्यावर १८११ ते १८२० या काळात त्याच्या पुत्राने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. ही नऊ वर्षे म्हणजे इंग्लंडचा रीजन्सी काळ. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच काळात प्रसिद्ध झाल्या. पुढे विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर (१९०२-१९७४) या लेखिकेने त्या काळाची पार्श्वभूमी घेऊन ‘रीजन्सी बक’ (१९३५) आदी कादंबऱ्या लिहिल्या आणि रीजन्सी प्रणयकथा हा एक स्वतंत्र लोकप्रिय वाङ्मयप्रकार रूढ झाला.

हे सूत्र इंग्रजी समाजजीवनातूनच निपजले, असे समजण्याकडे अभ्यासकांचा कल असणे स्वाभाविक आहे. परंतु ऑस्टिनच्या ‘एमा’पूर्वी सुमारे अर्धशतक, तंजावरच्या भोसले दरबारातील मुद्दुपळनी या कवयित्रीने आपल्या ‘राधिकासांत्वनम्’ या तेलुगू काव्यात हेच सूत्र हाताळले होते. या दोन कृतींत प्रभावाचा काडीमात्र संबंध संभवत नाही. म्हणूनच त्यांची तुलना उद्बोधक ठरते. कथासूत्र एक असता दोन परंपरा त्याचा शेवट कसा करतात, आणि विशेषतः त्या शेवटी क्षमा कोणी कोणाची मागावी असे ठरवतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तेलुगू काव्याच्या चर्चेला मराठी विभागात स्थान का द्यावे, या प्रश्नाचे उत्तर बंगळूर शहराच्या इतिहासात आहे. त्याचा विचार तिसऱ्या भागात केला आहे.

२

‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर १८१६ हे वर्ष आहे. ती राजप्रतिनिधीलाच अर्पण केलेली असून, ही अर्पणपत्रिका लेखिकेने स्वयंस्फूर्तीने लिहिली नव्हती. राजप्रतिनिधीच्या ग्रंथपालाकडून तशी सूचना आली होती. या अर्थाने ‘एमा’ ही रीजन्सीची शब्दशः मुद्रा धारण करणारी कादंबरी आहे.

तिची नायिका एमा वुडहाउस एकवीस वर्षांची, सुंदर, बुद्धिमान आणि तीस हजार पौंडांची वारसदार आहे. तिने लग्न न करण्याचा निश्चय बोलून दाखवला आहे. त्यामागचे कारणही ती लपवीत नाही: संपत्ती, प्रतिष्ठा आणि घरातील सत्ता हे सर्व तिच्यापाशी आहे, तेव्हा लग्नाने तिला काय मिळणार? स्वतःपुरता हा प्रश्न मिटवून ती इतरांच्या विवाहांकडे वळते. हॅरिएट स्मिथ या अनाथप्राय मुलीला ती हाताशी धरते, तिच्यासाठी चर्चचा तरुण उपाध्याय एल्टन याला योजते, आणि तो बेत फसला तरी तिचा उत्साह मावळत नाही. स्वतः ती फ्रँक चर्चिल या देखण्या तरुणाशी विनोद, सूचक बोलणे आणि लाडिक कटाक्ष यांचा खेळ खेळते. बॉक्स हिल येथील वनभोजनाच्या प्रसंगी हा खेळ कळसास पोहोचतो. त्या दिवशीच्या तिच्या वर्तनाला निवेदिका ‘फ्लर्टिंग’चा शब्द लावते, पण तोही अशा चातुर्याने की, पाहणाऱ्या बायका मेपल ग्रोव्हला आणि आयर्लंडला पाठवावयाच्या पत्रांत ज्या शब्दाने हे वर्तन कळवतील तो हा शब्द, असे सुचवले जाते. स्त्रीच्या लाडिकपणाला नाव देण्याचा अधिकार नेहमी पाहणाऱ्यांकडे असतो, हे येथे सहज सांगून टाकले आहे.

याच वनभोजनात एमा मिस बेट्स या गरीब, बडबड्या प्रौढ कुमारिकेचा सर्वांदेखत उपहास करते. नाइटली हा तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा असलेला स्नेही तिची कठोर शब्दांत कानउघाडणी करतो, आणि एमा परतीच्या वाटेवर रडते. त्यानंतर जो क्षण येतो तो सर्वस्वी अनपेक्षित आहे. हॅरिएट आपले मन नाइटलीवर जडल्याचे सांगते, आणि ते ऐकताक्षणी एमाला उमगते की नाइटलीने आपल्यावाचून अन्य कोणाशी लग्न करता कामा नये. आपण घडवलेल्या बाहुलीने आपल्याच हृदयावर हक्क सांगावा, तेव्हा त्या हृदयाचे अस्तित्व आपल्याला कळावे, असा हा प्रसंग आहे. जोडणारीलाच जोडीची ओढ लागते. हेयरच्या ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) या कादंबरीत हाच साचा अधिक मिस्कील रीतीने वापरलेला आढळतो. तेथे सोफी आत्याच्या घरातील साऱ्यांची प्रेमप्रकरणे मार्गी लावते आणि अखेर त्या घरातील सर्वांत हेकट पुरुषाच्या, म्हणजे चुलत्या-आत्येभावांपैकी चार्ल्सच्या, प्रेमात स्वतःच सापडते.

ऑस्टिनच्या रचनेत या अनपेक्षित प्रेमाला एक अट आहे. नायिकेने आधी आपली चूक ओळखली पाहिजे. लाडिकपणातून उद्धटपणा, उद्धटपणातून लज्जा, लज्जेतून आत्मज्ञान आणि आत्मज्ञानातून प्रेम असा हा क्रम आहे. प्रेम हे येथे पश्चात्तापाचे फळ आहे. नाइटलीलाही स्वतःच्या उपदेशकपणाची थोडी खंत वाटते, हे खरे; पण नैतिक हिशेब चुकता करावा लागतो तो एमाला.

३

येथून बंगळूरकडे वळावयाचे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बंगळूर जिंकले. त्या मोहिमेत शहाजी भोसले होते, आणि पुढे हे शहर त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. त्यांच्या दरबारी आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य रचले. आपण बारा भाषांत कविता करू शकतो हे सुचवण्यासाठी जयरामाने शहाजीराजांपुढे बारा नारळ ठेवले, ही आख्यायिकेसारखी वाटणारी हकीगत त्याच ग्रंथात आहे. ग्रंथाच्या पूर्वभागात राधा-कृष्णाचा विलास आणि उत्तरभागात शहाजींच्या दरबाराचे वर्णन येते. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या दीर्घ प्रस्तावनेचा सारा भर शहाजींच्या चरित्रावर आणि मराठ्यांच्या इतिहासावर होता. इतिहाससाधनांच्या शोधात निघालेल्या संशोधकाच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र त्यामुळे मराठी अभ्यासकांच्या ध्यानात हा ग्रंथ ‘शहाजीचा ग्रंथ’ म्हणून राहिला. ग्रंथनामात जिला पहिले स्थान आहे ती राधा बाजूला पडली.

शहाजींच्या मृत्यूनंतर (१६६४) बंगळूरची जहागीर त्यांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांच्याकडे राहिली. १६७५-७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावर घेतले आणि भोसल्यांची ही शाखा कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले व ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना दिले. बंगळूरचा दरबार अशा रीतीने संपला, पण बहुभाषिक काव्याची आणि राधाकृष्ण-शृंगाराची त्याची रुची तंजावरात नव्याने रुजली. तेथील भोसले राजांनी मराठी, संस्कृत, तेलुगू आणि तमिळ या चारही भाषांतील रचनेला आश्रय दिला. त्यांतही नायक राजांच्या काळापासून चालत आलेली तेलुगू ही शृंगारकाव्याची प्रतिष्ठित भाषा म्हणून त्यांनी टिकवली. प्रतापसिंह (१७३९-१७६३) या भोसले राजाच्या दरबारात मुद्दुपळनी होती. मराठी राजा, तेलुगू काव्य, तमिळ प्रदेश आणि मूळ धागा कन्नड देशातील एका शहराशी, असा हा योग आहे.

४

मुद्दुपळनी ही दरबारी गणिका होती. आपल्या काव्याच्या आरंभी तिने आपली परंपरा आजीपासून, आईकडून सांगितली आहे. संस्कृत-तेलुगू साहित्यातील आपली गती, आपल्या रूपाची व वाणीची कीर्ती, आपण विद्वानांना दिलेली पारितोषिके, आपल्याला अर्पण झालेले ग्रंथ, या सर्वांचा उल्लेख ती निःसंकोचपणे करते. कवीने स्वतःची थोरवी गाणे परंपरेला नवे नव्हे. स्त्रीने मातृकुलाच्या आधारे ती गावी, हे मात्र विरळा. आंडाळच्या ‘तिरुप्पावै’चे तेलुगू रूपांतरही तिच्या नावावर आहे. तेव्हा तिची प्रतिभा केवळ दरबारी विलासापुरती होती, असे म्हणता येणार नाही.

‘राधिकासांत्वनम्’मध्ये चार आश्वास आणि ५८४ पद्ये आहेत. कथा शुकाने जनकास सांगितली आहे. यातील राधा ही नवथर गोपिका नव्हे. ती प्रौढ आहे, कृष्णाची आप्त आहे आणि त्याची प्रेयसीही आहे. इळा या मुलीला तिने लहानाची मोठी केले आहे. वयात आलेल्या इळेचा विवाह राधा स्वतःच कृष्णाशी लावून देते. नववधूने कसे वागावे हे ती इळेला शिकवते, आणि नववधूशी कसे हळुवारपणे वागावे हे कृष्णाला. प्रणय ही तिच्या दृष्टीने एक विद्या आहे, ती त्या विद्येची आचार्य आहे, आणि शिष्यांना विद्या देऊन गुरूचे काही उणे होत नाही अशी तिची समजूत आहे.

ही समजूत खोटी ठरते. लग्नाचा सोहळा आटोपतो, जोडपे एकमेकांत रमते, आणि राधेला जो दाह होतो त्याची तिला कल्पना नव्हती. कृष्णावरील आपले प्रेम हा एक निपुण खेळ आहे, तो दुसऱ्याच्या हाती सोपवता येतो, असे जिला वाटत होते, तिला ते प्रेम दिल्यानंतरच त्याचा थांग लागतो. येथपर्यंत राधा आणि एमा अगदी शेजारी उभ्या आहेत. दोघींनी एका धाकट्या मुलीला घडवले, दोघींनी तिच्यासाठी वर पाहिला, आणि दोघींना त्या मुलीच्या तोंडाकडे पाहताना आपले मन कळले. फरक एवढाच की एमाला ते वेळेवर कळते, राधेला वेळ टळून गेल्यावर.

यानंतर वाटा फुटतात. राधा लज्जित होत नाही, ती संतापते. ती कृष्णाला बोल लावते, त्याच्या विस्मरणाचा जाब विचारते. कृष्ण येतो, विनवतो, तिची समजूत काढतो. काव्याचे नाव याच भागावरून आले आहे. ‘सांत्वन’ हे राधेचे आहे, ते करणारा कृष्ण आहे. परमेश्वराने मानिनीच्या पायाशी बसावे ही कल्पना जयदेवापासून परंपरेत आहे. परंतु मुद्दुपळनीने तिला जे अधिष्ठान दिले ते वेगळे आहे. येथे रुसलेली स्त्री प्रौढ आहे, तिने स्वतःच्या हाताने आपला प्रियकर दिला आहे, आणि तरीही तिला रुसण्याचा अधिकार आहे, असे कवयित्री मानते. ‘तूच तर दिलेस’ या तर्काने राधेचे तोंड बंद करता येत नाही.

५

हा भेद समजून घेण्यासाठी दोन परंपरांत लाडिकपणाकडे कसे पाहिले गेले, याचा विचार करावा लागेल. भरताच्या नाट्यशास्त्रात स्त्रियांचे दहा स्वभावज अलंकार सांगितले आहेत. त्यांत लीला, विलास, विभ्रम येतात. आनंद झाला असता वरवर राग दाखवणे म्हणजे कुट्टमित येते. अभिमानामुळे प्रिय वस्तूचाही अनादर करणे म्हणजे बिब्बोक येतो. हर्षाच्या भरात हसू, रडू, भय, राग यांची सरमिसळ होणे म्हणजे किलकिंचित येते. मराठीत ज्याला सैलपणे ‘नखरा’ म्हटले जाते, त्याच्या या सूक्ष्म छटा आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की शास्त्रकार त्यांना ‘अलंकार’ म्हणतात, तेही स्वभावातून आलेले. ते दोष नव्हेत, आणि त्यांतून पश्चात्तापाची वाट निघत नाही. नायिकाभेदाच्या परिभाषेत राधेचा प्रवास सांगावयाचा तर ती प्रगल्भा असताना खंडितेचे दुःख भोगते, एवढेच म्हणता येईल. प्रगल्भतेमुळे हे दुःख ओढवले, असा कार्यकारणभाव ही परिभाषा जोडत नाही.

याउलट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी समाजात लाडिकपणाचा प्रश्न विवाहाच्या बाजारपेठेशी निगडित होता. मालमत्ता वडिलांकडून पतीकडे जाणाऱ्या त्या व्यवस्थेत मध्यम व उच्च वर्गातील स्त्रीच्या नावलौकिकाला आर्थिक मोल होते. प्रेमाचा देखावा करून प्रेम न देणे ही तेथे एक प्रकारची फसवणूक ठरे. ‘एमा’त जेन फेअरफॅक्स ही दुसरी तरुणी आहे. ती एमाइतकीच, किंबहुना अधिक, गुणी आहे. पण ती निर्धन आहे, गव्हर्नेसची नोकरी पत्करण्याची वेळ तिच्यावर आली आहे, आणि म्हणून तिला नखरा परवडत नाही. ती मौन पाळते. एमाचा खेळ तीस हजार पौंडांच्या आधारावर चालतो.

यातून एक सामान्य निष्कर्ष निघतो. विलास ही स्वाधीनतेची भाषा आहे. जिला आपल्या पोटाची आणि निवाऱ्याची चिंता नाही, तीच ती मोकळेपणाने बोलू शकते. मुद्दुपळनीबाबतही हे खरे आहे. विद्या, संपत्ती आणि मातृकुलाचा वारसा या तिन्ही गोष्टी तत्कालीन कुलस्त्रीला दुर्मीळ होत्या. दरबारी गणिकेला त्या उपलब्ध होत्या, आणि त्यासाठी दुसरी, बरीच मोठी, किंमत मोजावी लागत होती. या स्वाधीनतेचा गौरव करताना ती किंमत विसरता येणार नाही.

मराठीतील लावणी येथे सहज आठवते. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांची शाहिरी उत्तर पेशवाईत बहरली. दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द (१७९६-१८१८) आणि इंग्लंडचा रीजन्सी काळ बऱ्याच अंशी समकालीन आहेत. लावणीतील नायिका धीट आहे, बोलकी आहे, विलास तिच्या शब्दाशब्दात आहे. परंतु हे शब्द पुरुष शाहिरांनी रचून तिच्या तोंडी घातलेले आहेत. स्त्रीने स्त्रीच्या कामनेविषयी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वंशवर्णनासह रचलेले दीर्घकाव्य शोधावयाचे तर भोसल्यांच्याच दुसऱ्या दरबाराकडे, आणि तेलुगू भाषेकडे, जावे लागते.

६

ऑस्टिनच्या नायिकेने कादंबरीच्या आत पश्चात्ताप केला आणि तिला वाचकांनी डोक्यावर घेतले. मुद्दुपळनीच्या राधेने तो केला नाही. पुढच्या काळाने तो तिच्या ग्रंथाकडून आणि ग्रंथ प्रकाशित करणाऱ्या स्त्रीकडून मागितला. या प्रकरणात पुन्हा बंगळूरचे नाव येते.

नागरत्नम्मा (१८७८-१९५२) यांचा जन्म म्हैसूरजवळील नंजनगूडचा. देवदासी कुलात जन्मलेल्या या गायिकेची कीर्ती म्हैसूर आणि बंगळूर येथे झाली. पुढे मद्रासला स्थायिक झाल्यावरही ‘बंगळूर नागरत्नम्मा’ हेच त्यांचे नाव राहिले. तंजावरच्या साहित्याविषयी वाचताना त्यांना ‘राधिकासांत्वनम्’चा उल्लेख आढळला. १८८७ ची एक छापील आवृत्ती होती, पण तीत कवयित्रीच्या वंशवर्णनासह काही भाग गाळलेला होता. नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवले, पाठ ताडून पाहिला, आणि १९१० मध्ये वाविळ्ळ या मद्रासच्या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेकडून पूर्ण ग्रंथ छापवून घेतला. प्राचीन ग्रंथाचे संपादन स्त्रीने करणे ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती.

कंदुकूरि वीरेशलिंगम् यांनी आपल्या आंध्र कवींच्या चरित्रग्रंथात मुद्दुपळनीचा कठोर निषेध केला होता. विधवाविवाहासाठी आयुष्य वेचणाऱ्या या थोर सुधारकाला तिच्या काव्यातील काही भाग स्त्रियांच्या कानी पडू नये असा वाटला. नागरत्नम्मांनी प्रस्तावनेत दिलेले उत्तर मुद्देसूद आहे. शृंगाराचे असे वर्णन पुरुष कवींनीही केले आहे, मग शालीनतेचा दंडक केवळ स्त्रीला का लावावा, असा त्यांचा प्रश्न होता. वीरेशलिंगम् यांनी स्वतः पाहून मान्य केलेल्या ‘वैजयंतीविलासम्’चे उदाहरण त्यांनी दिले. त्या काव्याची कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे: विप्रनारायण या विरक्त भक्ताला मोहात पाडण्याची पैज एक गणिका मारते. पैजेतून आरंभलेला प्रणय हे रीजन्सी प्रणयकथांचेही आवडते सूत्र आहे. पुरुष कवीने लिहिलेली विलासिनी ग्राह्य आणि स्त्रीने लिहिलेली त्याज्य, हा भेद नागरत्नम्मांनी नेमका पकडला.

१९११ मध्ये सरकारने हा ग्रंथ अश्लील ठरवून त्यावर कारवाई केली. प्रती जप्त झाल्या. पंडितांनी व प्रकाशकांनी केलेल्या विनवण्या फोल ठरल्या. बंदी उठली ती टी. प्रकाशम् यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ मध्ये. १९५२ मध्ये नवी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी नागरत्नम्मांचे निधन झाले. मधल्या काळात त्यांनी तिरुवैयारु येथे त्यागराजांच्या समाधीचा जीर्णोद्धार करून तेथे मंदिर उभारले होते. त्यागराज (१७६७-१८४७) हे तंजावरच्या भोसले राज्यातले, आणि जेन ऑस्टिनचे (१७७५-१८१७) समकालीन. ज्या बाईने भक्तिसंगीताच्या या श्रेष्ठ आचार्याची समाधी सावरली, तिनेच मुद्दुपळनीची राधा सावरली. तिला या दोन कामांत विसंगती दिसली नाही. ती ज्यांना दिसली त्यांच्या हाती कायदा होता.

१९४७ या वर्षाचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदवण्याजोगे आहे. याच वर्षी मद्रास प्रांताने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा केला. त्या प्रथेतील शोषण पाहता तो आवश्यक होता, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ज्या वर्षी मुद्दुपळनीचे पुस्तक मोकळे झाले, त्याच वर्षी तिच्यासारखी कवयित्री घडवणारी सामाजिक चौकट अधिकृतपणे मोडीत निघाली. ग्रंथ उरला, आणि त्याचा वंश सांगणारी परंपरा विद्वानांच्या टिपणांत गेली. १९९१ मध्ये सुसी थारू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संकलनाच्या प्रस्तावनेत हे प्रकरण तपशिलाने मांडले गेले, तेव्हा भारतीय भाषांच्या अभ्यासकांचे लक्ष पुन्हा त्याकडे वेधले.

७

या तुलनेला मर्यादा आहेत. ‘एमा’ ही गद्य कादंबरी आहे, तिचे जग पूर्णतः लौकिक आहे. ‘राधिकासांत्वनम्’ हे पद्य प्रबंधकाव्य आहे, त्याचा नायक देव आहे, आणि त्यातील मिलनाला भक्तीची एक पातळी आहे. एमाची कथा विवाहाच्या उंबरठ्यावर संपते, तर राधेची कथा दुसरीच्या विवाहानंतर सुरू होते. त्यामुळे एकीची रचना ‘कोण कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर देते. दुसरीच्या रचनेत तो प्रश्न कायम राहतो. कृष्ण राधेचे सांत्वन करतो, पण इळा नाहीशी होत नाही. हॅरिएटला शेवटी तिचा जुना शेतकरी प्रियकर मिळतो आणि वाचक निश्चिंत होतो. इळेबाबत अशी निश्चिंती काव्य देत नाही. तिच्या वाट्याला जे आले ते तिने मागितले होते काय, असे काव्यात कोणी विचारत नाही. राधेची बाजू घेणाऱ्या वाचकालाही हा प्रश्न चुकवता येणार नाही.

तरीही मूळ भेद स्पष्ट आहे. रीजन्सी प्रणयकथेत अनपेक्षित प्रेम विलासिनीला सुधारते. मुद्दुपळनीच्या काव्यात ते तिला उघडे करते, आणि सुधारण्याचे काम नायकाकडे येते. पहिल्या परंपरेत नायिकेचे कौशल्य हा दोष ठरतो व प्रेम हा त्यावरचा उतारा. दुसरीत कौशल्य हा गुणच राहतो; केवळ प्रेमापुढे तो पुरा पडत नाही. इंग्रजी राजवटीत शिकलेल्या पिढ्यांनी स्वतःचे जुने काव्य पहिल्या परंपरेच्या मापाने मोजले, आणि राधा पश्चात्ताप करीत नाही म्हणून ती अश्लील ठरली. १९११ च्या कारवाईत कायदा परका होता, पण त्यामागचे माप देशी विद्वानांनी आधीच हाती घेतले होते.

मराठी अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. वाङ्मयेतिहास भाषेनुसार लिहिण्याच्या पद्धतीमुळे मुद्दुपळनी तेलुगूची, जयराम संस्कृत-मराठीचा, आणि नागरत्नम्मा कर्नाटक संगीताच्या, अशी वाटणी झाली आहे. पण दरबार हे एकक धरून पाहिले तर जयरामाची राधा आणि मुद्दुपळनीची राधा एकाच घराण्याच्या आश्रयाखाली, सुमारे शंभर वर्षांच्या अंतराने, उभ्या राहिलेल्या दिसतात. जयरामाने राधामाधवाचा विलास शहाजींपुढे ठेवला. मुद्दुपळनीने त्या विलासाची किंमत काय असते ते शहाजींच्याच वंशजाच्या दरबारात सांगितले. या दोन राधांचा एकत्र अभ्यास ‘राधामाधवविलासचंपू’च्या पूर्वभागापासून सुरू करता येईल. राजवाड्यांची प्रस्तावना शहाजींना न्याय देऊन थांबली, त्याच्या पुढे ग्रंथाचे पहिले पान उघडेच आहे.